एकशे सत्तावीस दातांचं चाक

लेथ सकाळी आठ वाजता निघाला आणि दिवेलागणीला पोचला. अंतर चाळीस पावलं.

थोरल्या भाऊजींच्या शेडमधून आमच्या शेडमध्ये, म्हणजे गल्लीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. कोल्हापूरचं उद्यमनगर, एकोणसत्तर साल, अक्षय्य तृतीयेचा दिवस आणि डोक्यावर ऊन. लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राच्या, खाली लोखंडी पाइप घातले होते. मागचा पाइप मोकळा झाला की तो उचलून पुढं न्यायचा, मग लेथ वीतभर सरकायचा. ढकलायला चौघे होते. सांगायला अकरा. मी मोजले, कारण चहा मला करायचा होता.

"डावीकडं घे रं."

"कुणाच्या डावीकडं?"

"माझ्या."

"तू कोण? तू चहाला आलायस न्हवं?"

थोरले भाऊजी, हिंदुराव, आपल्या शेडच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी हात लावला नाही आणि आडवाही घातला नाही. दिवसभर नुसते बघत राहिले. आमचे हे, म्हणजे जयसिंग (नाव घेते, आता त्याला हरकत घ्यायला कुणी उरलेलं नाही), घामानं निथळत पाठ वळवून ढकलत होते. वाटणी होऊन आठ दिवस झाले होते आणि दोघे भाऊ बोलत नव्हते.

वाटणी फार न्यायानं झाली. थोरल्यांना दोन नवे लेथ, शेपिंग मशीन आणि वेल्डिंगचा संच मिळाला. आम्हाला गल्लीपलीकडची रिकामी शेड, तिच्या मागच्या दोन खोल्या आणि हा एक लेथ. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आठवण म्हणून. वाटणीत जे कुणालाच नको असतं त्याला आठवण म्हणतात. आबांनी हा लेथ संस्थानच्या जुन्या कारखान्यातून आणला होता. इंग्लंडात घडलेला, आठ फूट लांब, पितळी पट्टीवर १९११ साल. गल्लीत त्याला 'साहेब' म्हणत.

पाच जणांच्या बैठकीत थोरले भाऊजी म्हणाले होते, "दसऱ्यापर्यंत बघतो. शेड चालली तर चालली. न्हाईतर गुमान माघारी यायचं. खोली तशीच ठेवतो. चूल काय, एकच हाय."

हे ऐकून यांना अपमान वाटला. मला भीती वाटली. दोन्हींत फरक आहे.

त्या घरात मी सहा वर्षं काढली होती. खाणारी अकरा माणसं, भाकऱ्या थापणारी मी, आणि साखरेच्या डब्याची किल्ली थोरल्या जाऊबाईंच्या, आक्कांच्या, कमरेला. आक्का वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्या फक्त विचारायच्या. स्टोव्ह पेटला की विचारायच्या, "कुणासाठी?" कांदा चिरायला घेतला की, "किती घेतलास?" मी बाहेर निघाले की, "येणार कधी?" आवाज अगदी मऊ. सहा वर्षांत मला एकही असा घोट आठवत नाही जो मी कुणाला उत्तर न देता प्यायले.

नव्या खोल्यांत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी एक कप चहा केला. यांच्यासाठी नाही, तीन वर्षांच्या शालनसाठी नाही, पाहुण्यासाठी नाही. उंबऱ्यावर बसून प्यायले. कुणी काही विचारलं नाही. त्या एका कपासाठी मी लेथच काय, आगगाडीचं इंजिन जुळवून दिलं असतं.

तर असा साहेब आमच्या शेडमध्ये येऊन बसला. बसला म्हणजे नुसता टेकला. लेथ बसवणं हे वेगळंच प्रकरण असतं, हे मला तेव्हा कळलं. यांना ते आधीपासून कळत होतं, असं ते म्हणत. यांच्या हातात कला होती, खोटं कशाला बोलू. फक्त हातातून तोंडापर्यंत येताना ती फार वाढायची.

सिमेंटचा चौथरा झाला. बोल्ट पुरले. पाणसळ लावून, खाली बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे सारून, लेथ असा काही सपाट केला की पाणसळीतला बुडबुडा मध्यभागी जाऊन झोपला. मग यांनी चारही बोल्ट हातभर लांब पान्यानं आवळले. आता हा भूकंपालाही हलणार नाही, म्हणाले. पहिली सळई कातून काढली ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक. मुळा बरा.

तीन दिवस यांनी लेथला, इंग्रजांना आणि थोरल्या भावाला दोष दिला. चौथ्या दिवशी गुलाब मिस्त्री आले. संस्थानच्या कारखान्यात पंचवीस वर्षं टर्नर होते, साहेबाला तेव्हापासून ओळखत होते. डोळे अधू, नाकाला तपकीर. त्यांनी एक सळई कातायला लावली, दोन्ही टोकं बोटांनी चाचपली आणि मागचा एक बोल्ट पाव फेरा सैल केला.

"जयसिंग, कैदी न्हाई हा. इतका आवळलास तर अंग पिरगाळणारच की."

पुढची सळई सरळ निघाली. हे म्हणाले, "मी तेच करणार होतो."

पट्ट्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. साहेब मुळात कारखान्याच्या मोठ्या दांड्यावरून कातडी पट्ट्यानं फिरणारा. आम्ही मोटार लावली, पण पट्टा रुंद लागे, तसा बाजारात मिळेना. मिळे तो सांध्यावर खाड् खाड् वाजे. शेवटी मी चपला सांधायला गेले असताना चांभाराला विचारलं. त्यानं कोल्हापुरी चपलेच्या तळाचं कातडं, चपलेचीच शिवण आणि शिवणीवर मेण असा पट्टा करून दिला. तो नऊ वर्षं टिकला. इंग्लंडचा साहेब कोल्हापुरी चपलेवर चालला. याचं कौतुक यांनी गल्लीभर सांगितलं. चांभाराचं नाव सांगितलं, माझं राहिलं.

आणि मग चाक.

साहेबाबरोबर सागवानी पेटी आली होती. तिच्यात दातेरी चाकांसाठी बावीस खाचा. आटे पाडायचे असले की हिशेबानं चाकं बदलून लावायची, म्हणजे पाहिजे तसे आटे पडतात. चाकं होती एकवीस. सगळ्यांत मोठी खाच रिकामी.

ते कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण यांनी तोवर सांगलीकडच्या एका पंपवाल्याला शब्द दिला होता. पंपाच्या दांड्यावर मिलिमीटरचे आटे पाडून द्यायचे. नमुन्याचा दांडा पसंत पडला तर वर्षभराचं काम. पंपवाल्याचा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नमुना न्यायला येणार. हे काम मिळालं तर शेड चालणार, शेड चालली तर माझी चूल राहणार. माझा हिशेब इतका सरळ होता.

गुलाब मिस्त्रींनी पेटीतल्या रिकाम्या खाचेत बोट फिरवलं. "एकशे सत्तावीस दातांचं हाय ते."

"त्याच्याशिवाय नाही भागणार?" मी विचारलं.

"सूनबाई, साहेब बोलतो इंचात. पंपवाला बोलतो मिलिमीटरात. मधे दुभाषी लागतो. ते चाक म्हंजे दुभाषी."

"पण एकशे सत्तावीसच का?"

"एका इंचाचे पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. पाच इंचांचे एकशे सत्तावीस. तिथं पहिल्यांदा अर्धंमुर्धं काही राहत न्हाई. त्याच्या अलीकडं जमत न्हाई म्हंजे न्हाई."

मी मॅट्रिक झालेली. रात्रीच्या भाकऱ्या झाल्यावर पाटीवर भागाकार करून बघितले. दोननं नाही, तीननं नाही, सातनं नाही, अकरानं नाही. एकशे सत्तावीसला कशानंच भाग जात नाही. वाटणी झालेल्या घरातून आलेला आकडा आणि त्याला भाग जात नाही, याचं मला जरा हसूच आलं.

मग शोध सुरू झाला. हे मुंबईला गेले. जुन्या लोखंडाच्या बाजारात दोन दिवस हिंडून एक चाक घेऊन आले. एकशे वीस दातांचं. सात दातांनी काय फरक पडतो, हे दुकानदारानं यांना पटवून दिलं होतं. मग बेळगाव. मग परत मुंबई. मग कुणी सांगितलं म्हणून मिरजेच्या एका बंद गिरणीत, तिथं चाक मिळालं नाही, पण गिरणीच्या रखवालदाराशी यांची मैत्री झाली. पत्रं मी लिहायची. मद्रास, कोइम्बतूर, कलकत्ता. पितळी पट्टीवरचा पत्ता काढून थेट इंग्लंडलाही लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, फार सभ्य. आपलं यंत्र अजून चालतं हे वाचून त्यांना परमानंद झाला होता. असली चाकं त्यांनी कधीच बंद केली होती. त्यांना यंत्राचा एक फोटो हवा होता.

श्रावणात यांनी ठरवलं की चाक आपणच करायचं. दात पाडणाऱ्या कारागिरानं आकडा ऐकून कपाळाला हात लावला. त्याच्या यंत्रावर त्या हिशेबाची सोयच नव्हती. तर हे म्हणाले, हातानं आखतो. लोखंडी तबकडीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, तिच्यावर पेन्सिलीनं रेघा मारल्या, आणि कानस घेऊन बसले. अठरा दिवस. जेवणसुद्धा मांडीवर चाक घेऊन. एकशे सव्वीस दात खरोखर सुरेख झाले. शेवटच्या दाताला जागा उरली दीड दाताची.

गुलाब मिस्त्रींनी बोट फिरवता फिरवता त्या जागी थांबून विचारलं, "ही काय, अक्कलदाढ?"

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मलाही वाईट वाटलं. अठरा दिवस मीही त्यांच्या शेजारी बसून रेघा मोजल्या होत्या.

गणपती गेले. पितृपक्ष लागला. एक दिवस भात कालवता कालवता हे म्हणाले, "ते चाक तिकडंच हाय."

"तिकडं म्हणजे?"

"दादाकडं. मला पहिल्या दिवसापास्नं ठाव हाय. पेटी भरून त्यानंच दिली."

माझ्या हातात पळी होती. ती मी खाली ठेवली. उगाच काही व्हायला नको.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तुम्ही मुंबईला गेलात."

"दोनदा."

"चाळीस पावलांवर आहे ते."

"त्यानं ठेवून घेतलंय. त्यानंच आणून द्यावं."

"आणि मागितलं तर?"

"मी?" हे म्हणाले. जणू मी त्यांना लुगडं नेसून रंकाळ्यावर फिरायला सांगितलं होतं.

मी त्यानंतर तीन वेळा विषय काढला. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, एक वेळ साहेब भंगारात घालीन. साहेब भंगारात म्हणजे मी आक्कांच्या स्वयंपाकघरात, हे यांच्या ध्यानातही नव्हतं. पुरुषांचा मान फार मोठा असतो. तो ठेवायला बाकीच्यांना जागा खाली करावी लागते.

नवरात्र बसलं. नमुन्याचा दांडा तासून तयार, फक्त आटे नाहीत. खंडेनवमीच्या सकाळी आमच्या शेडमध्ये पूजा मांडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या दिवशी यंत्रं बंद. सगळी हत्यारं रॉकेलनं पुसून, धुऊन, यंत्रासमोर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत एकालाही हलवायचं नाही. आणि सगळी म्हणजे सगळी. पूजेतून राहिलेलं हत्यार वर्षाच्या आत रक्त मागतं, ही आबांची शिकवण. आमच्या गल्लीत एकाचं भोकं पाडायचं गिरमिट राहिलं होतं, त्याचं बोट गेलं. बोट दारूमुळं गेलं असंही म्हणणारे होते, पण ते दारू न पिणारे.

मी बघत होते. यांनी हातोडे मांडले, कानशी मांडल्या, वाकडे झालेले दोन पाने मांडले. मग आत गेले, आणि ते अक्कलदाढेचं चाक घेऊन आले. आणून सगळ्यांच्या मागं ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हत्यार हाय ते. चुकवून कसं चालंल?"

मी हातातला कुंकवाचा करंडा तसाच धरून उभी राहिले. जो माणूस स्वतःच्या फजितीलाही पूजेतून वगळायला धजत नाही, त्याचा सख्खा भाऊ, त्याच बापाचा शिकलेला, आबांच्या हातचं अस्सल चाक पूजेतून वगळील?

नैवेद्याचं ताट घेतलं, पदर डोक्यावर घेतला आणि चाळीस पावलं चालत गेले. खंडेनवमीला कुणीही कुणाच्या पूजेला जावं. त्या दिवशी भांडण दारात ठेवतात, चपलेशेजारी.

थोरल्या भाऊजींची शेड चकाचक होती. नव्या लेथना ऊस बांधले होते. समोर सतरंजीवर हत्यारांची रांग. आणि सगळ्यांत मागं, आबांच्या तसबिरीच्या पायाशी, झेंडूच्या माळेखाली झाकलेलं एक मोठं चाक.

एखाद्या सवाष्णीला पूजेत हळदकुंकू वाहू नको असं म्हणायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. मी खाली बसले, माळ जरा बाजूला केली आणि चाकाला कुंकू वाहायला लागले. एका दाताला एक बोट. एक, दोन, तीन. आक्का प्रसाद घेऊन आल्या, माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. चाळीस, एकेचाळीस. थोरले भाऊजी आत आले, खाकरले. सत्तर. भाऊजी परत खाकरले. शंभर. एकशे सव्वीस. एकशे सत्तावीस. त्यानंतर पहिला कुंकवाचा ठिपका आला.

त्या काळी थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. सहा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. बोलायचं ते तिसऱ्या माणसाला धरून. ते तिसरं माणूस नेहमी आक्काच असायच्या, त्यांना त्याची सवय होती.

"आक्का," मी म्हणाले, "चाक लई देखणं हाय. कुठल्या मशीनचं म्हणायचं?"

आक्कांनी भाऊजींकडं बघितलं.

"तिला सांग," भाऊजी म्हणाले, "जुनं हाय. पडून हाय."

"आक्का, पडून असलं तर पूजेत कसं, विचारा."

"तिला सांग, हत्यारानं पूजेतनं चुकू नये. आबांची शिकवण हाय."

"आबांची शिकवण आम्हालाबी हाय म्हणावं. तिकडं त्यांचा साहेब आज एका चाकावाचून पुजलाय. रक्त मागितलं तर कुणाचं मागंल, ते विचारा."

आक्कांनी हे काही विचारलं नाही. गरजही नव्हती, भाऊजी दोन हातांवर उभे होते. त्यांनी आबांच्या तसबिरीकडं बघितलं. मग आवाज बदलला.

"तिला सांग, मी चाक चोरलं न्हाई. ठेवून घेतलं. म्हटलं, एक चाक ठेवलं तर कुठं जातोय. आठ दिवसांत येईल, दादा चाक दे म्हणंल. मी देणार होतो. ह्यो बेटा मुंबईला गेला." पुढं म्हणाले, "दोन शब्दांसाठी मी सहा महिने त्या दारात उभा हाय. त्यानं येऊन मागावं. तेवढंच."

हे येणार नव्हते. हे मला ठाऊक होतं, भाऊजींनाही ठाऊक होतं. दसरा उद्यावर आलेला. समोर एकशे सत्तावीस ठिपके, पाठीमागं आक्का, आणि आक्कांच्या कमरेची किल्ली मला दिसत नव्हती पण वाजताना ऐकू येत होती.

"तेच सांगायला आलेय," मी म्हणाले. "त्यांनीच धाडलंय. म्हणाले, दादाला म्हणावं चाक दे. स्वतः यायची लाज वाटली, म्हणून मला धाडलं."

भाऊजींनी तोंड फिरवलं आणि तसबिरीची माळ सरळ करायला लागले. ती सरळच होती.

"तिला सांग," ते भिंतीकडं बघत म्हणाले, "उद्या उत्तरपूजा झाली की मी स्वतः घेऊन येतो."

एक खोटं बोललं की दुसऱ्याला वेळ लागत नाही. घरी आल्यावर यांनी विचारलं, काय म्हणत होता. मी म्हणाले, भाऊजी म्हणाले, माझं चुकलं. उद्या चाक आणून देतो म्हणाले.

"असं म्हणाला? 'माझं चुकलं'?"

"आक्कांच्या समोर."

हे उठले आणि शेड झाडायला लागले. सकाळीच झाडलेली होती.

दसऱ्याला सकाळी नऊच्या सुमाराला थोरले भाऊजी गल्ली ओलांडून आले. चाक पंच्यात गुंडाळून दोन्ही हातांवर धरलेलं, तान्ह्या मुलासारखं. मागं आक्का. गुलाब मिस्त्री आधीच येऊन बसलेले. आता हे बोलणार, माझी दोन खोटी समोरासमोर येणार, आणि चाक आल्या पावली माघारी जाणार.

"जया," भाऊजी म्हणाले, "तू निरोप धाडलास ते बरं केलंस."

हे म्हणाले, "दादा, तू चुकलं म्हणालास, मला सगळं पोचलं."

दोघे थांबले. भाऊजींच्या कपाळावर आठी आली. यांची मान जराशी तिरकी झाली. मी खांबाला धरलं.

पण समोरच्याची माफी दोघांनाही इतकी गोड लागली, की आपण स्वतः काही मागितलीच नव्हती हे सांगायचं दोघांच्याही मनात आलं नाही. भाऊजी म्हणाले, असू दे. हे म्हणाले, झालं गेलं. मोठ्या मनाची माणसं.

चाक बसलं. उरलेलं मी शेडच्या दारातून बघितलं. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडताना हत्यार एकदा जोडलं की सोडायचं नाही. पुढं कातायचं, टोकाला आलं की हत्यार ओढून घ्यायचं, आणि तसंच सगळं उलटं फिरवून मागं न्यायचं. एकानं हत्यारावर आणि एकानं लेथ उलटसुलट फिरवायच्या दांडीवर राहिलं तर काम नीट होतं. भाऊजी न सांगता दांडीला जाऊन उभे राहिले. यांनी हात उचलला की ते दांडी ओढत. पुढं पुढं यांना हातही उचलावा लागला नाही. दोघे एक शब्द बोलत नव्हते, पण हे बोलत नसणं वेगळं होतं. लहानपणी आबांच्या हाताखाली दोघे असेच उभे राहिले असतील. दांड्यावरून लोखंडाच्या निळ्या कुरळ्या तारा निघत होत्या. मी इतकी गुंतले की क्षणभर माझं काय होतं ते विसरले.

गुलाब मिस्त्रींनी दांड्यावर नट चढवला आणि बोटाच्या टोकानं फिरवला. तो आपल्या वजनानं खाली घरंगळत गेला.

"बोलला," मिस्त्री म्हणाले. "साहेब मिलिमीटरात बोलला."

भावांनी एकमेकांना मिठी मारली. तेलकट हातांनी, नव्या सदऱ्यांवर. आक्का डोळे पुसत होत्या. मीही पुसले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. काम मिळणार, शेड चालणार. तीन वाजता उंबऱ्यावर बसायचं असं मी मनात ठरवूनही टाकलं.

मग थोरले भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आता हे दोन शेडांचं सोंग कशाला. दोन्हींचं काम एकत्र करू, साहेब इथंच राहू दे, जया इथला बघंल, मी तिकडचा. हे मान डोलवत होते, डोळे भरलेले. आणि मागच्या खोल्यांत, भाऊजी म्हणाले, लोखंड ठेवायला जागा झाली.

"आणि चूल आज सांच्यापास्नं एकच," भाऊजी आक्कांकडं वळून म्हणाले. "अनुसया, हिनं घर जोडलं बघ. सूनबाईला आत घेऊन जा."

आक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेनंच ठेवला. म्हणाल्या, "चल. स्टोव्ह आणू नकोस आता, तिथं आहेत दोन."

मी यांच्याकडं बघितलं. हे भावाकडं बघत होते.

तेव्हा मी डोक्यावरचा पदर न सावरता, कुणाला मधे न घालता, थोरल्या भाऊजींच्या तोंडाकडं बघून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

"भाऊजी, चाक माघारी घ्या."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

आणि मग सगळे हसले. आधी गुलाब मिस्त्री हसले, मग आक्का तोंडाला पदर लावून, मग हे. भाऊजी तर खांबाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बघ जया," ते म्हणाले, "सहा वर्षं तोंडातनं शब्द न्हाई, आणि बोलली ते काय बोलली." मग त्यांनी पंच्यानं डोळे पुसले, आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.

पुढं एकवीस वर्षं मी त्या घरात जेवण रांधलं. आमच्यात मी फार विनोदी आहे, असं तेव्हापासून समजतात.